श्रीपादची मोठी क्लॅरोनेट

श्रीपाद माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा हा अर्ध्या चड्डीत होता, म्हणून मी त्याला अरे-तुरेच करते. माझ्या मालकांची विम्याच्या कचेरीतून जयपूरला बदली झाली, तेव्हा आमच्याबरोबर आला तो इथंच राहिला. बँडात क्लॅरोनेट वाजवायला लागला. स्वतःचं लग्न केलं नाही. दुसऱ्यांच्या लग्नात वाजवूनच हौस फिटली असावी. मालक गेले, मुलं मोठी झाली, पण शास्त्रीनगरच्या आमच्या मागच्या खोलीतलं पीं पीं काही थांबलं नाही. त्याची क्लॅरोनेट छोटी, आवाजाला तिखट. ढोल-ताशालाही ऐकायची नाही.

बँडात त्याचा एक मान होता. नवरा घोडीवर बसला की आधी सगळे गप्प, आणि श्रीपाद एकटा गाण्याची पहिली ओळ वाजवायचा. मग बाकीचे त्याला येऊन मिळायचे. त्या एका ओळीसाठी हा माणूस वर्षभर कोटाची बटणं घासायचा.

गेल्या उन्हाळ्यात त्याचे पुढचे दात काढावे लागले. कवळी आली. छोटी क्लॅरोनेट ओठांत आवळून धरावी लागते, ते कवळीला जमेना. फुंकलं की नुसती हवा. बँडमास्टर रहमतजींनी मोठी क्लॅरोनेट आणून दिली. म्हणाले, "ये नरम है, श्रीपादजी. हाथ बिठा लीजिए. देवउठनी पे पहली लाइन आप ही की है." देवउठनी म्हणजे आपली कार्तिकी एकादशी; इथं लग्नं तिथून सुरू होतात.

मला वाटलं, मोठी काय न् छोटी काय. पातेलं बदललं म्हणून आमटी बदलते का?

"बदलते, वहिनी," श्रीपाद म्हणाला. "बोटं तीच, भोकंही तीच. पण छोटीवर जिथं सा निघायचा, तिथं हिच्यावर दुसराच सूर निघतो. बँड काही माझ्यासाठी सरकणार नाही. मीच सा दुसरीकडून धरायचा, आणि तिथून सगळी सरगम नव्यानं."

"मग धर की."

"धरतो हो. पण बोटांना जुनीच वाट ठाऊक आहे."

नात भार्गवी मोबाइलवर कसलासा तक्ता घेऊन आली. "मतलब आजोबा, मेजर स्केलच तर पाठ करायची आहे. सिंपल आहे."

"सिंपल आहे? मग तूच ये वरातीत. माझी टोपी देतो."

दुपारभर घोकायचा. सावकाश वाजवलं की सरगम नीट यायची. जरा लय वाढली, की बोटं गुपचूप जुन्या जागी. मग चिडून कवळी काढून ठेवायचा आणि भिंतीकडे तोंड करून बसायचा. जेवायला हाक मारली तरी उठायचा नाही.

देवउठनीला पहिली वरात आमच्याच गल्लीतली निघाली. आईनं नवऱ्या मुलाच्या तोंडावरून हात फिरवला, तो घोडीवर चढला, सगळे गप्प झाले. श्रीपादनं ओळ उचलली. एकटा होता तोवर छानच वाटली. मला सुरातलं काय कळतं! पण ट्रंपेटवाले आत शिरले, आणि दोन वराती एकमेकींवर चालून आल्यासारखं झालं. घोडी बिथरली. कुणीतरी हसलं. बोटं छोटीच्याच वाटेनं गेली होती. मास्टरांनी हात वर केला आणि दुसऱ्या क्लॅरोनेटवाल्याला खूण केली. त्यानं तीच ओळ घेतली, वरात चालू लागली.

दुसऱ्या दिवशी रहमतजी घरी आले. माणूस वाईट नाही. चहा संपेपर्यंत विषय काढवेना. बँडात काही जण नुसते उभे असतात. अंगात कोट, तोंडात वाजा, फुंकायचं नाही. रांग भरलेली दिसते. "आप वहाँ खड़े रहिए," ते खाली बघत म्हणाले, "और पत्ती निकाल दीजिएगा." पत्ती म्हणजे तोंडाजवळची वेताची पट्टी. ती नसली की चुकूनही सूर निघत नाही.

ते गेल्यावर मी म्हटलं, "जाऊ नकोस तू."

"मग संध्याकाळी काय करू, वहिनी?"



आता हात बसलाय. दुपारी मोठीवर सरगम भरभर वाजवतो, कुठं अडत नाही. मी म्हटलं, मास्टरांना सांग. म्हणाला, "सांगितलं. खूश झाले. पण ओळ आता त्या दुसऱ्याची झाली."

परवा पुन्हा गल्लीतून वरात जायची होती. पत्ती काढून डबीत ठेवली आणि कोट चढवताना म्हणाला, "आज दारात येऊ नका हं."

नाही गेले. आतच बसून ऐकलं. पहिली ओळ चांगली वाजवली त्यानं, जो कोण आहे त्यानं. त्याला तरी नावं कशी ठेवू?