दोन्ही गळत्यात
नळाच्या आट्यांना लावायच्या सफेद्याचा वास आला की मला केडगावचं चहाचं हॉटेल आठवतं. एकाहत्तरच्या लढाईआधी मी नगरच्या लष्करी छावणीत नळदुरुस्तीला होतो. हॉटेलात ओळख झालेला एक गोडबोल्या पाव्हणा मला रोज चहा पाजायचा. एकदा हळूच म्हणाला, “नवे टँक किती आलेत?” छावणीत पाण्याच्या टाकीलाही टँकच म्हणत. मी म्हटलं, “दोनच, पर दोनी लई गळत्यात.” तो चहा तसाच टाकून गेला, पुन्हा दिसलाच नाही. दुसऱ्या दिवशी छावणीतल्या साहेबांनी बोलावून माझंच वाक्य मला ऐकवलं, “दोनी लई गळत्यात?” आणि तोंड फिरवलं. ते हसत होते की चिडले होते? पाव्हणा शत्रूचा होता की साहेबांनीच मला जोखायला पाठवलेला? आजही उमगत नाही. टाक्या मात्र खरंच गळत होत्या.