दुसऱ्याचं गाऱ्हाणं मांडणारी

"जय भीम काका, अजून एक ओळ मावेल का?" असं विचारतच ती माझ्या दुकानात शिरायची.

कोपरखैरण्यात माझं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. चौकाचौकांत भाऊंच्या वाढदिवसाचे फ्लेक्स तुम्हीही पाहिले असतील. जन्मभर मी तेच छापत आलो. त्यांत चेहरे फार, मजकूर कमी. हिच्या फ्लेक्सवर चेहरा एकही नाही, मागण्या मात्र मुंग्यांसारख्या.

राहायला घणसोली गावात, भाड्याच्या खोलीत. वडील तळोज्याला केमिकल कंपनीत. ही बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, आणि देशभरातल्या कॉलेजांतल्या मुलांची एकच चळवळ उभी करायच्या मागे लागलेली. फी, शिष्यवृत्ती, वसतिगृह, मुलींची सुरक्षा, अपंग मुलांसाठी रॅम्प, सगळं एकत्र.

"एक काय ते धर की! ही खिचडी वाचणार कोण?" मी चिडायचो.

"पोट खिचडीनंच भरतं, काका. फॉन्ट बारीक करा."

तिचा एक नियम होता. आपली मागणी आपण मांडायची नाही, दुसऱ्याची मांडायची. त्यामुळे धावण्यात मेडल आणलेला पोरगा रॅम्पसाठी भांडायचा आणि कॉलेजसमोरच्या सोसायटीत राहणारी मुलगी वसतिगृहासाठी. एका पोराने तर भाषणाच्या भरात मुलींच्या स्वच्छतागृहाबद्दल "आमची फार गैरसोय होते" असं ठोकून दिलं. हसून हसून सभा मोडली, पण स्वच्छतागृह दुरुस्त झालं.

मग परीक्षेच्या तोंडावर कॉलेजने तिचंच हॉल तिकीट अडवलं. आंदोलनाबद्दल माफी लिहून दे, तरच पेपरला बस. त्या घरातली पहिली पदवी पणाला लागली. वडील तिला माझ्या दुकानात गाठून म्हणाले, "लिहून दे बाई, आन् मोकळी हो."

तिने नकारार्थी मान हलवली.

"मग निदान स्वतःसाठी एक फ्लेक्स लाव," मी म्हटलं.

"माझं मी कसं बोलू, काका?"

मला तिचा सपाटून राग आला. आणि तितकीच मायाही वाटली, खोटं कशाला बोलू?

ती बोलली नाही, बाकीचे बोलले. तिच्या वर्गातल्या पोरांनी बाहेरच्या राज्यांत निरोप धाडले आणि तिकडच्या कॉलेजांतून आपापल्या लिपीत एकेक ओळ आली: हिला परीक्षेला बसू द्या. मला वाचता न येणारी ती अक्षरं मी चष्मा पुसून पुसून जुळवली. फ्लेक्स कॉलेजच्या गेटवर लागला आणि माफी न लिहिताच तिला हॉल तिकीट मिळालं. ही बातमी सांगायला वडील कामाच्या कपड्यांतच धावत दुकानात आले.

पास झाली आणि चळवळीच्या कामाला ओडिशात निघून गेली. यंदा जयंतीलाही आली नाही.

सुट्टीच्या दिवशी वडील माझ्याकडे येऊन बसतात. तिकडच्या वसतिगृहात पाणी नाही, पोरी लांबून बादल्या भरून आणतात, असं तावातावाने सांगतात. त्यांची स्वतःची खोली किती सुनी झाली आहे, हे मात्र त्यांच्या तोंडून निघत नाही.

शेवटी फोन मीच लावतो. "अगं, तुझ्या बापाला करमत नाही. चार दिवस येऊन जा."