बगळा येऊन गेला

"ताई, बटन दाबलं काय? आपला बगळा येऊन गेला!"

फोनवर माहा लहान भाऊ होता, नागपूरवरून. मी म्हनलं, "कुठं आला? अजून तं आलाच नाई. मी समोरच बसून हावो."

"अवो येऊन गेला! सात-आठ मिनिटं झाले. मी गेमचं पान उघडून राह्यलो, तं बंदच दाखवून राह्यलं."

मी कंप्युटरकडं पाह्यलं. तिथं मारामारीच चालू होती. मांडीवर पोरगी, एका हातात फोन, एका हातात माऊस, ना पोरगी माह्या तोंडाकडं पाहून रडाले लागली.

"दाब ना वो मंग!" भाऊ ओरडला.

"बगळा दिसल्याबिगर कशी दाबू? घरवाल्यायनं सांगतलं हाय, दिसला का दाबजो."

"तुह्याकडं दिसत नाई म्हनून थांबून राह्यन काय थो? दुनियेनं पाह्यला ना त्याले!"

मी दाबलं. निळं बटन होतं. घाईत दोनदा बाजूलेच लागलं, तिसऱ्यांदा बसलं. पान उघडलं. ना तिथं कोनीच नव्हतं.

मले नीट सांगता येत नाई, दम लागते. माहं शिक्षन आठवी. घरवाले ग्रामपंचायतीत कंप्युटरवर हायेत, लोकायले दाखले काढून देतात. दिवसभर दाखले, ना घरी आले का सोताचा गेम बनवत बसत. दोन वर्स लागले त्यायले. गेममंधी एक बगळा हाय. धानाच्या बांधीत बाया रोवना करून राह्यल्या ना बगळा त्यायच्या मांगं मांगं चालते, खेकडे धरते, पन रोपावर पाय पडला का हरला. बस, एवढंच. मारनं नाई, तोडनं नाई. चिखलातून पाय उपसल्याचा आवाज हाय ना त्याच्यात, थो माह्या पायाचा हाय. सहावा महिना होता मले. यायनं बिरसीच्या विमानतळाच्या बाजूच्या बांधीत उभी केली ना म्हने, चाल. वरून शिकाऊ पोट्ट्यायचं विमान गेलं का म्हने, थांब. मंग पुन्हा चाल. सासू शेताच्या धुऱ्यावरून ओरडे, "बाप्पा! भरल्या पोटाच्या सुनेले नाचवून राह्यला का काय रे हा?"

मंग एक दिवस हे हासत घरी आले. जपानकडला एक कार्यक्रम नेटवर होते, त्याच्यात नवे नवे गेम दाखवतात, सारी दुनिया पाह्यते. यायच्या बगळ्याले त्याच्यात चाळीस सेकंद भेटले होते. नियम असा होता का बगळा पडद्यावर आला का त्याच टाईमले खेळून पाह्यचं पान उघडून द्याचं. आधी उघडलं तं बाद. उशीर केला तं लोक थांबत नाईत, दोन-तीन मिनिटं शोधतात ना निंघून जातात. नेमकी त्याच दिवशी दुपारी पंचायत समितीत बैठक निंघाली. तिथं फोन बाह्यर ठेवा लागते. यायनं सुट्टी मागतली, साहेब म्हने, "बगळ्यासाठी सुट्टी?" सारे हासले म्हने.

म्हनून बटन माह्याकडं आलं. चार दिवस शिकवलं मले. कागदावर लिहून देल्लं: सहावा गेम बुढीच्या नावेचा, सातवे आपन. "सहावा सरला का पोरीले आईजवळ देजो, माऊसचा बान बटनावर आनून ठेवजो. जमन ना?"

"जमन जी."

"घाबरशीन नको."

"नाई जी."

सकाळी सासूनं पोळ्याच्या बैलाले लावते तसं कंप्युटरले कुंकू लावलं. घरची वस्तू परमुलखात जाऊन राह्यली म्हने, ओवाळून तं घ्या.

सहावा सरला. बुढी नाव वल्हवत वल्हवत धुक्यात गेली. मी बान बटनावर आनला. पोरगी सासूजवळ जात नव्हती, तशीच मांडीवर ठेवली. ना मंग जे आलं, थे कागदावर लिह्यलंच नव्हतं.

पडदा काळा झाला. मंग लाल पट्टेवाला आला. ना दुसऱ्या बाजूनं वेणीवाली.

हे तुमाले समजाव म्हनून मांगचं सांगा लागन. दोन हजार सालच्या आगंमागं बाबानं नागऱ्याच्या यात्रेतून टीव्हीले जोडाचा गेम आनला होता. दोन कॅसेटी होत्या. चालल्या नाई का तोंडानं फुंकाच्या. एका कॅसेटीत लाल पट्टेवाला लढे, थो भावाचा. दुसरीत लांब वेणीची बाई लढे, थे माही. दोघायची गाठ कधीच पडू शकत नव्हती, कॅसेटच वेगळी. तरी आमचं भांडन रोजचं.

"माही वेणीवाली तुह्या पट्टेवाल्याले एका लाथेत झोपवन."

"आधी माह्या कॅसेटीत येऊन तं दाखव म्हना तिले!"

जेवता जेवता, आंग धुता धुता, शाळेच्या रस्त्यानं हेच. मंग शाळा सुटली, लगन झालं, गेम कोन कुठं ठेवला कोनाले माहीत. ना त्या दिवशी दुपारी माह्या समोर थे दोघं एकाच मैदानात उभे. दोन कंपन्यायनं मिळून नवा गेम काढला होता, दोन्हीकडले पह्यलवान एकाच गेममंधी. वेणीवालीनं वेणी गळ्याभवती गुंडाळली ना लाथ उचलली, तितक्यात संपलं. लाथ बसली का नाई दाखवलंच नाई. बाजूले लोकायचं लिह्यनं असं पळून राह्यलं होतं का एक अक्षर वाचता येत नव्हतं.

मी चित्राखालची लाल रेघ माऊसनं धरली ना मांगं ओढली. पुन्हा पाह्यलं. मंग अजून एकदा ओढली.

सासू म्हने, "हे आपलं होय काय?"

"नाई वो आई, हे दुसरं हाय."

"मंग कायले पाहून राह्यली एवढं?"

"थांबा ना जी थोडंसं."

मले खरंच माहीत नव्हतं. आमच्याकडं सीडी आनून पिच्चर पाह्यलेले आमी. मांगं नेला तं पिच्चर मांगं येते, जिथं सोडला तिथंच थांबून राह्यते. मले वाटलं कार्यक्रम बी तसाच. मी मांगं नेला तं सारंच मांगं आलं असन, बगळा बी माह्या मांगं उभा असन, आपल्या नंबराची वाट पाहत. तिकडं दुनिया पुढं चालून राह्यली, हे माह्या डोक्यातच नाई आलं. तितक्यात भावाचा फोन आला.

बटन दाबल्यावर बगळा माह्याकडं आला. चाळीस सेकंद मी ना सासू, दोघीच होतो. सासूनं हात जोडले. माह्या पायाचा आवाज आला, चपाक, चपाक. पोरगी रडाची थांबली ना पडद्याले हात लावाले लागली.

दिवस बुडता बुडता हे आले. गाडी आंगनातच टाकली.

"दाबलं होतं?"

"दाबलं जी."

"टाईमवर?"

"हो."

ह्या एका शब्दानं मले तेव्हापासून खाऊन टाकलं हाय. यायनं कंप्युटर उघडला. बगळा खेळून पाह्यनारे बोटावर मोजन्याएवढे. खाली सारे लोक तेच लिहून राह्यले होते, वेणीवाली, पट्टेवाला, कोन जिंकन, कधी येनार. आमच्या बगळ्याखाली एकानं लिह्यलं होतं, हे मधात काय होतं?

यायनं थे दोनदा वाचलं. मंग म्हने, "त्या मारामारीनं खाल्लं आपल्याले. त्याच्या मांगून आलो ना, कोन पाह्यन? आपला काय दोष नाई."

मी भाकरी थापून राह्यली होती. मी म्हनलं, "हो जी."

मंग यायनं नेटवर वाचलं, दुनियेत लोक हेच म्हनतात. अशी दोन घरची जोडलेली मारामारी जाहीर झाली का बाकीचे गेम कोनाच्याच ध्यानात राह्यत नाईत, पूर्न कार्यक्रमच तिचा होऊन जाते. हे मले वाचून दाखवत. वाचताना यायचा चेहरा थोडा हलका होये. माहा मात्र जीव घाबरे.

भावाले सांगतलं. थो म्हने, "कोनाले सांगू नको. मी बी नाई सांगत. टाईमवर दाबलं असतं तरी कोन येनार होतं? मीच पट्टेवाल्यात गुंतलो होतो, म्हनून तुले फोन उशिरा केला."

"तुह्या पट्टेवाल्यानं दोघायले बुडवलं."

"लाथ तुह्या वेणीवालीनं उचलली होती, ताई."

हासू आलं नाई. पन मंग मीच एक दिवस दुपारी फोनवर बाकीचे गेम शोधले. बुढीच्या नावेखाली पुष्कळ लोक होते. थो गेम मारामारीच्या आधी होता. आमच्या मांगून आठवा होता कुंभाराच्या चाकाचा, त्याच्याखाली थोडेच. नववा बी तसाच. त्यायनं तं बटन टाईमवर दाबलं असन. म्हनजे मारामारीनं खाल्लंच, हे खोटं नाई. पन कुंभाराच्या खाली जे थोडे होते, तेवढे बी आमच्या खाली नव्हते. तेवढे माह्यामुळं गेले. किती खाल्लं मारामारीनं ना किती मी, हे कोन सांगन?

यायनं तेव्हापासून कंप्युटरवर माही जुनी साडी झाकून ठेवली हाय. दाखले काढतात, येतात, जेवतात, झोपतात. पोरीले बगळा पाह्यचा असला तं म्हनतात, "झोपला थो." मी दिवसभर काम करतो ना एवढी थकून जातो, पन हे असे बसले का अजून थकाले होते.

परवा पत्र आलं नेटवर. त्याच कार्यक्रमवाल्यायचं. येत्या वेळेले छोट्या गेमचा वेगळा भाग ठेवून राह्यलो म्हने, बगळा पुन्हा पाठवा, सोमवारपर्यंत कळवा. मी म्हनलं, "पाठवा ना जी."

"कायले? पुन्हा कोनती तरी मारामारी येईन ना चिरडून जाईन. आपन पूर्न बरोबर केलं होतं, तरी काय झालं? बरोबर करून बी होत नसन, तं काय करायचं मानसानं?"

पूर्न बरोबर केलं होतं. माह्या तोंडाशी आलं होतं, नाई जी, बरोबर नव्हतं केलं, मी चुकली, तुमचा बगळा वाईट नव्हता. हे ऐकून पाठवतीन बी. नाई तं म्हनतीन, इतके महिने तू माह्या समोर बसून खोटं बोलली, ना मंग बगळा बी गेला ना मी बी यायच्या मनातून गेली. लगनाले चार वर्स झाले, यायनं माह्यावर कधी आवाज चढवला नाई. त्याचंच भेव जास्त लागते.

आज शनिवार हाय. हे आंगनात पोरीले खांद्यावर घेऊन फिरून राह्यले. मी चुलीजवळ बसून हावो. बाया हो, तुमी माह्या जागी असत्या तं काय केलं असतं? सांगतलं असतं काय?