दाजींचा डिफ्रन्सल

विकत घेण्याआधीच एखाद्या वस्तूवर इतकी वर्षं जीव लावलेला माणूस माझ्या दाजींशिवाय अख्ख्या रायगड जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे कापड्याचे, घरी भातशेती, नोकरी महाडच्या औद्योगिक वसाहतीत बॉयलरवर, म्हणून बिऱ्हाड महाडला. आणि ती वस्तू म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल. दाजी तिला डिफ्रन्सल म्हणतात, आणि अशा मायेनं म्हणतात की ऐकणाऱ्याला वाटावं, मुंबईला गेलेलं घरातलंच कुणीतरी सुट्टीत येणार आहे.

त्यांच्याकडे मागच्या चाकांवर चालणारी एक जुनी गाडी आहे. तिचं इंजिन त्यांनी उघडून ताकदवान केलं, स्प्रिंगा बदलून तिला जमिनीजवळ आणलं, रुंद टायर घातले. आवाज मात्र उशाशी बसलेल्या मांजरीसारखा ठेवला. राहिला तो डिफ्रन्सल. साध्या गाडीचं एक चाक चिखलात गरागरा फिरायला लागलं की सगळी ताकद त्यालाच जाते आणि कोरड्यातलं चाक नुसतं बघत राहतं. हा बसवला की दोघांनाही वाटा मिळतो. गोष्ट एवढीच. पण ही एवढीशी गोष्ट दाजींनी पंगतीत शेजारच्याच्या ताटातली भाकरी उचलून चाकासारखी फिरवत समजावली आहे, आणि रक्तदाब मोजणाऱ्या डॉक्टरांनाही, दंडाला पट्टा बांधलेला असताना. डॉक्टरांनी आधी त्यांचा रक्तदाब पुन्हा मोजला आणि मग स्वतःचा.

माझ्यासाठी पोलादपूरला मुलगी बघायला गेलो, तेव्हा मुलीच्या वडिलांनी रीतीप्रमाणे म्हटलं, काही विचारायचं असेल तर विचारा. मी संकोचून पंख्याकडे बघत होतो. दाजींनी विचारलं, तुमच्या अंगणात गाडी चढवताना कुठलं चाक फिरतं? ते बिचारे गोंधळले. चहा घेऊन आलेल्या मुलीनंच सांगितलं की डावं फिरतं, आणि मग सगळं यंत्र नीट ऐकून घेऊन तिनं विचारलं, दोन्ही चाकं चिखलात असली तर हे काय करणार? दाजींनी कप खाली ठेवला. काय करणार, बसून राहणार, असं कबूल केलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "हीच कर रे." मी केली. आमचा संसार त्या एका प्रश्नावर उभा आहे, असं दाजी अजून मानतात.

डिफ्रन्सल दोन तऱ्हेचे मिळतात. एक प्लेटांचा, त्याची पकड जबर. एक चाक हवेत असलं तरी दुसऱ्याला सोडत नाही. दुसरा गिअरांचा. तो गरीब, गुमान काम करणारा, पण एक चाक अधांतरी झालं की हात टेकतो. दाजींचं मन पहिल्यापासून प्लेटांवर. कारण कापड्याच्या घराकडे चढणाऱ्या वाटेवर मोरीपाशी त्यांच्या गाडीचं एक चाक हमखास उचललं जातं. फक्त एकदा चालवून बघायचं राहिलं होतं.

मधल्या काळात आमची आई गेली. तिचं शेवटचं आजारपण ताईनं काढलं. आई रात्री केव्हाही हाक मारायची आणि ताई पहिल्या हाकेला उठायची. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, पण ताईचा कान काही झोपायला तयार होईना. औषधं झाली, वंदना झाली, पायाला तेल झालं. मग एकदा कापड्याला जाताना गाडीतच तिचा डोळा लागला, तो थेट घर येईपर्यंत. तेव्हापासून दाजी दर सुट्टीला काहीतरी काम काढायचे. कधी दासगावला माझ्याकडे चार पेरू पोचवायचे, कधी शेताचा बांध बघायचा. पेरू मला आवडत नाहीत हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

पुढे त्यांचा एक मित्र मुंबईहून तसलीच गाडी घेऊन आला, प्लेटांचा डिफ्रन्सल बसवलेली. सकाळीच आम्ही चौघं पोलादपूरचा घाट चढायला निघालो. दाजी चालवायला, मित्र शेजारी, मागे मी आणि ताई. वळणावर खडी पसरलेली होती, तरी गाडी घसरली नाही. दोन्ही चाकांनी रस्ता धरला आणि दाजींच्या तोंडावर जे हसू आलं ते मी त्यांच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. पण अरुंद वळणावर हळू फिरताना मागून कटकट आवाज यायचा आणि गाडी हिसका द्यायची. ताईनं काचेला डोकं टेकलं होतं. प्रत्येक वळणाला ती दचकून डोळे उघडायची, आणि दाजी आरशातून बघायचे.

नाक्यावर चहा घेताना मित्रानं विचारलं, कशी वाटली?

"झकास हाय," दाजी म्हणाले. "पण आवाज करते."

प्लेटांचा असाच असतो, सवय होते, असं मित्र म्हणाला.

दाजींनी लांबच्या बाकावर बसलेल्या ताईकडे पाहिलं. "मला होईल रे," ते म्हणाले. "हिला नाय व्हायची."

त्यांनी गिअरांचा मागवला. बॉयलरवरच्या मित्रांना सांगितलं की याच्या प्लेटा झिजत नाहीत, तेलही फार बदलावं लागत नाही. खोटं त्यात काही नव्हतं. कापड्याच्या मोरीपाशी मात्र गाडी अजूनही अडते. दाजी डिकीतून चपटा दगड काढतात, अधांतरी चाकाखाली सरकवतात आणि कुणी बघत असेल तर त्याला प्लेटांचे तोटे सांगतात.

परवाच्या रविवारी गाडी माझ्या दारात येऊन थांबली, पण कुणी उतरेना. बायकोनं चहा टाकला होता, म्हणून मी बोलवायला बाहेर गेलो. दाजींनी काच बोटभर खाली केली. ताई मान कलती टाकून, तोंड थोडं उघडं ठेवून झोपली होती. आई गेल्यापासून तिचा चेहरा इतका सैल झालेला मी पाहिला नव्हता.

"इंजन बंद केलं तर उठंल," दाजी पुटपुटले. "आलोच एक फेरी मारून." आणि ती एवढी ताकदीची गाडी एकही खडा न वाजवता सावित्री नदीच्या बाजूला निघून गेली.