एका घरट्यातली पिल्लं

इर्मेली कौप्पिलाचे गुडघे आता शिडीला कंटाळले होते. ओउलू शहराजवळच्या, स्प्रूसच्या झाडांच्या जुन्या रानात तिने माशीमार पक्ष्यांना घरटी करायला लाकडी पेट्या टांगल्या होत्या आणि उभी हयात त्यांतली पिल्लं तोलण्यात घालवली होती. आता ते रान तोडायचं घाटत होतं. नव्या लागवडीतल्या पिल्लांपेक्षा इथली पिल्लं वजनाला जास्त भरतात, असं तिने दाखवलं तरच ते वाचणार होतं.

आकडेमोडीच्या वाटा दोन. पिल्लू न् पिल्लू सुटं मोजलं तर फरक चांगला ठसठशीत दिसायचा. पण एका घरट्यातली भावंडं त्याच आईबापांच्या चोचीतलं खातात, ती सुटी कशी मोजायची? सगळं घरटं मिळून एक धरलं, की उत्तर अंधूक व्हायचं. फरक मोठा असेल, मुळीच नसेलही.

“धर की सुटी!” कॉफीत वेलचीचा पाव बुडवत तिचा जुना सहकारी आउलिस म्हणाला. “अर्धं जग धरतं. तुलाच कसलं एवढं सोवळं?”

“अर्धं जग धरतं म्हणून तर आपलं कुणी खरं मानत नाही.”

“बस मग खरेपणा कुरवाळत. रान जाईल.”

“माहितीये रे. नको आता डोकं खाऊस.”

मोह झाला नाही असं नाही, चांगला झाला. पण खोटं एकदा बोललं की जन्मभर निभवावं लागतं, आणि तेवढं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. तिने घरटं एक धरलं आणि वनखात्याला लिहून दिलं: ‘फरक आहे की नाही, इतक्या घरट्यांवरून सांगता येत नाही. अजून मोजू द्या.’

बर्फ वितळायच्या आत वनखात्याचा टाउनो तोडायच्या झाडांना फिती बांधत आला.

“वाईट वाटतं हो बाई,” तो मनापासून म्हणाला. “पण तुम्हीच लिहिलंत ना, फरक नाही म्हणून?”

“सांगता येत नाही, असं लिहिलं मी.”

“तेच ते.”

ते तेच नसतं, हे ती दर शरदात नव्या पोरांना शिकवत आली होती. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा आपणच झालो, असं वाटून तिला रडू फुटलं. डोळे पुसून ती शिडी चढली.

“तेच नाही ते,” ती म्हणाली, पण पेटीत तोंड घालून, गेल्या वर्षीचं घरटं उचकटता उचकटता. खाली शिडी धरून उभ्या टाउनोला ते ऐकू गेलं नाही.