सॅपरसाठी पहारेकरी

कृष्णातच्या घरी गेलेल्या माणसाला चहाच्या आधी खुर्ची मिळते, आणि ती खुर्ची कायम काचेच्या टाकीकडे तोंड करून ठेवलेली असते. माणूस टेकला न टेकला तोच कृष्णात विचारतो, "काय दिसतंय?" पाहुणा बिचारा दिसेल ते सांगतो. नारिंगी पट्ट्यांचे दोन मासे, फुलासारखं काहीतरी डोलणारं, दगड. कृष्णात नकाराची मान हलवतो. "खाली बघा. वाळूत. त्या चपट्या दगडाखाली भोक हाय का न्हाई?" मग पाहुणा गुडघ्यांवर येतो, काचेला नाक लावतो आणि तिकडे चहा निवून जातो.

टाकी खाऱ्या पाण्याची आहे. सांगलीहून समुद्र गाठायचा तर अख्खा घाट उतरावा लागतो, म्हणून कृष्णात फिल्टरच्या पाण्यात पिशवीतलं खास मीठ कालवून समुद्र घरीच तयार करतो. ह्या मिठापायी भावकीत त्याची बरीच शोभा झालेली आहे. त्याचं गाव म्हसवडच्या पलीकडे, उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारं. तिथून आलेले चुलते आप्पासाहेब मिठाची पिशवी बघून कपाळाला हात लावून बसले. "आमी घोटभर गोड्या पाण्यासाठी टँकरमागं पळतोय, आन् तू चांगल्या पाण्यात मीठ कालवतूस? फौजंत डोस्क्याला मार लागला व्हता काय रं?" कृष्णात हसला. त्याच्याकडे उत्तर होतं, पण ते लांबलचक होतं आणि आप्पासाहेबांना परतीची एस.टी. गाठायची होती.

ते उत्तर अंदमानात सुरू होतं. कृष्णातची पलटण इंजिनिअरांची. लढणाऱ्यांच्या आधी जाऊन रस्ते, पूल करायचे, खंदक खोदायचे, हे तिचं काम. ह्या पलटणीतल्या जवानाला सॅपर म्हणतात. कृष्णातने उभ्या नोकरीत एवढी माती उपसली की तेवढ्यात गावचं तळं झालं असतं. अंदमानातल्या एका सुट्टीत कुणाचा तरी पाण्यातला चष्मा उसना घेऊन तो कमरेएवढ्या पाण्यात पालथा पडला, आणि खाली वाळूत त्याला एक झिंगा दिसला. झिंगा बिळातून वाळू ढकलत बाहेर यायचा, टाकायचा आणि माघारी जायचा. बिळाच्या दारात बोटभर लांबीचा एक मासा उभा. झिंग्याला धड दिसत नाही, म्हणून तो बाहेर आला की आपली लांब मिशी माशाच्या शेपटीवर टेकवून ठेवतो. धोका दिसला की मासा शेपटी हलवतो आणि दोघंही बिळात गुडुप होतात. एक खोदणार, एक राखणार. बिऱ्हाड एकच.

कृष्णातची पाठ उन्हाने सोलून निघाली तरी तो पाण्यातून उठला नाही. अरे, ही तर आपलीच पलटण! ह्यांना हे शिकवलं कुणी? आणि ज्याला दिसतच नाही, तो झिंगा कुठल्या माशावर भरवसा ठेवायचा हे ठरवतो कशावरून? हा शेवटचा प्रश्न त्याच्या डोक्यात घर करून बसला. पुढे निवृत्त झाला, सांगलीत एका बँकेवर बंदूकधारी रखवालदार म्हणून लागला, लहानसं घर झालं, आणि घरात पहिली मोठी वस्तू आली ती टाकी. पहिली जोडी आली ती हीच. झिंग्याचं नाव अर्थातच सॅपर.

कृष्णातची बायको बनाबाई. तिच्याविषयी कृष्णातचं मत सगळ्या गल्लीला पाठ आहे. देशातली एक नंबरची भित्री बाई. गॅस बंद केला तरी पुन्हा जाऊन बघणार. दाराची कडी लावली तरी अंथरुणातून उठून चाचपून येणार. फाटक वाजलं की हातातलं टाकून खिडकीशी. ह्या जातीचा झिंगा नांगी अशी वाजवतो की काच तडकल्यासारखा आवाज होतो. बनाबाईने तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा टाकी फुटली असं समजून तिने घरातल्या झाडून सगळ्या गोधड्या आणून टाकीभोवती रचल्या होत्या. कृष्णात ही गोष्ट अजून सांगतो, आणि दर वेळी त्यात एक गोधडी वाढते.

गेल्या साली दिवाळीच्या साफसफाईत कृष्णातने टाकीचं झाकण काढून बाजूला ठेवलं आणि लावायचं विसरला. बाहेर कुणीतरी सुतळी बाँब उडवला. संध्याकाळी बिळाच्या दारातला मासा टाकीमागे फरशीवर वाळलेला सापडला. बनाबाईला फार वाईट वाटलं. कृष्णातला रागच आला. "पळपुटा निघाला. एका फटाक्याला भिऊन ठाणं सोडून पळाला."

पण दोन-चार दिवसांत राग ओसरला आणि काळजी लागली. सॅपर बाहेर येईना. बिळाच्या तोंडाशी रोज दिसायची ती ताजी वाळू दिसेना, दाराची एक बाजू ढासळत चालली. तोंडाशी नेऊन ठेवलेलं खाणं तसंच राहायचं. तो टाक् आवाजही थांबला. ज्या आवाजाला बनाबाई दचकायची, त्याची आता ती वाट बघायला लागली. "आवं, त्यो उपाशी मरंल," ती म्हणाली. कृष्णातलाही तेच वाटत होतं. एवढा मोठा गडी, बँकेतून आला की बूट न काढता टाकीसमोर उकिडवा बसायचा. त्याला त्या बोटभर जिवाचं खरोखर वाईट वाटत होतं, आणि ते लपवायचं त्याला जमत नव्हतं.

रविवारी दोघं स्कूटरवरून बुद्धभूषणच्या दुकानात गेली. बुद्धभूषण समुद्री मासे मुंबईहून मागवणारा तरणा दुकानदार. कृष्णातने लष्करभरतीच्या मैदानातल्या साहेबासारखी सगळ्या टाक्यांपुढून एक चक्कर मारली. प्रत्येक काचेवर बोटाने टकटक करायची. पळाला तो अनफिट. ह्या वेळी त्याला भित्रा नको होता. एका टाकीत मात्र तांबड्या ठिपक्यांचा एक मासा उंच दगडावर पुढच्या परांचे कोपर टेकून बसला होता. टकटक केली तरी हलला नाही. उलट डोळे गरागरा फिरवत कृष्णातकडेच बघायला लागला.

"ह्याला म्हणत्यात जवान!" कृष्णात म्हणाला. "कोण म्हणायचा ह्यो?"

"हॉकफिश. तुमच्या टाकीत कोण कोण हाय, साहेब?" बुद्धभूषणने विचारलं.

"सगळी गरीब जनता. कुणाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई."

"तसं न्हवं, बारकं झिंगं-बिंगं..."

"आवं, तुमी पिशवी भरा. माणसं पारखण्यात जलम गेला माझा."

तेवढ्यात मागच्या टाकीपासून बनाबाईने हाक मारली. तिथे पिवळसर अंगाचा, फिकट पट्ट्यांचा एक मासा नळीच्या तुकड्यात दडला होता. तिने हात वर केला, की तो आत. ती बाजूला झाली, की दोन डोळे बाहेर. "ह्यो घ्या की. ह्याला माझी नुसती सावली बी कळती."

"तुझ्या माहेरचा दिसतोय," कृष्णात म्हणाला आणि हॉकफिशची पिशवी घेऊन बाहेर पडला.

घरी आल्यावर त्या जवानाने मन जिंकलं. बरोबर बिळावरच्या चपट्या दगडावर जाऊन बसला आणि तिथून हलेना. कृष्णातने शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. न सांगता ठाण्यावर हजर झाला, बघा. दुसऱ्या दिवशीही तो तिथेच. बनाबाई टाकीपुढे मेथी निवडत बसली होती. बराच वेळ बघून ती म्हणाली, "आवं, एक इचारू का? पहाऱ्यावरचा संत्री कुनीकडं तोंड करून उभा ऱ्हातो?"

"भाईर. दुसरं कुनीकडं?"

"ह्यो भाईर बघतच न्हाई. ह्याची नजर भोकात हाय."

कृष्णात वाकला. खरंच की. मासा दगडाच्या कडेला येऊन, मान खाली घालून, बिळाच्या तोंडाकडे टक लावून बसला होता. असं बसणाऱ्याला पहारेकरी म्हणत नाहीत, हे कळायला कृष्णातला क्षणभर लागला, आणि नेमक्या त्याच क्षणी कित्येक दिवसांनी सॅपरच्या मिशा बिळाबाहेर आल्या. हॉकफिशने दगडावरून सरळ खाली झेप टाकली. बनाबाई किंचाळली आणि तिचा मेथीचा हात फाडकन काचेवर बसला. मासा दचकून वळला. आतून टाक् असा आवाज आला, वाळूचा ढग उठला, आणि ढग खाली बसला तेव्हा तुटलेल्या मिशीचा एक तुकडा पाण्यात तरंगत होता.

त्या रात्री कृष्णात नीट जेवला नाही. आपण स्वतःच्या हाताने मारेकरी आणून दारात बसवला, ह्याची त्याला लाज वाटत होती. पाण्याच्या बाटलीचं तोंड कापून ते उलटं बसवून त्याने सापळा केला, आत खाणं ठेवलं. सकाळी जवान त्यात बसलेला सापडला. तिथेही तो तसाच ऐटीत बसला होता.

मासा परत घेताना बुद्धभूषण काही टोचून बोलला नाही. "ह्येचं खाणंच झिंगा हाय, साहेब. मी त्येच इचारत व्हतो तवा," एवढंच म्हणाला. मग कृष्णात आपण होऊन मागच्या टाकीशी गेला. टकटक केली नाही. नुसता उभा राहिला. नळीतले दोन डोळे आत गेले, थोड्या वेळाने बाहेर आले. त्याला पलटणीतल्या ठाण्यांवरच्या रात्री आठवल्या. छाती काढून चालणारे, कशालाच न भिणारे गडी पहाऱ्यावर हमखास घोरत सापडायचे. ज्याला पानाच्या सळसळीने घाम फुटायचा, त्याच्या पहाऱ्यात बाकीचे बिनघोर झोपायचे. हे त्याला माहीत होतं. फक्त मासा निवडताना आठवलं नव्हतं.

"ह्यो गोबी, बिळावरचाच मासा," बुद्धभूषण पिशवी बांधत म्हणाला. "पर जमंल का न्हाई, त्ये त्या दोघांचं दोघांनीच ठरवायचं. आपल्या हातात काय न्हाई."

बनाबाईने ह्या वेळी तयारी आधीच केली होती. जुन्या मच्छरदाणीचं कापड लाकडी चौकटीवर ताणून तिने टाकीला जाळीचं झाकण केलं. कितीही फटाके वाजोत, हा बाहेर पडणार नव्हता. नवा मासा मात्र पाण्यात सुटल्या सुटल्या जो मागच्या दगडाआड गेला तो दिसेचना. एक दिवस गेला, दोन गेले. बिळाचं दार आणखी ढासळलं. कृष्णात सकाळ-संध्याकाळ विचारायचा, "आला का?" आणि बनाबाई मान हलवायची. हा प्रश्न अंदमानातलाच होता. ज्याला दिसत नाही, तो ठरवतो कशावरून? बाहेरून पाहणाऱ्याला ते काही केल्या कळत नाही.

पुढच्या रविवारी दुपारी कृष्णात पेपर वाचत होता, तर बनाबाईने नुसता हात वर केला. तो चवड्यांवर चालत आला.

बिळाच्या दारात ताजी वाळू पडली होती. पिवळसर मासा दाराशी उभा होता, तोंड बाहेर, डोळे चहूकडे. आतून सॅपर वाळू ढकलत आला आणि राहिलेली मिशी चाचपत चाचपत माशाच्या शेपटीवर टेकवून थांबला. एवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. मासा थरथरला, शेपटी हलली, दोघंही आत. मग आधी मासा बाहेर आला, त्याने इकडेतिकडे बघून घेतलं, आणि मागून मिशी आली.

कृष्णातच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायचं सोडून तो बायकोकडे बघायला लागला. ही बाई त्याच्या सगळ्या नोकरीभर गावाबाहेरच्या मळ्यात दोन लहान पोरं घेऊन राहिली होती. आजूबाजूला हाकेच्या अंतरावर घर नाही. आणि तो सुट्टीवर घरी आला की तिच्या दचकण्याची नक्कल करून सगळ्यांना हसवायचा.

"बना," तो म्हणाला, "तू एवढी भितीस. मग मळ्यात एवढी वर्सं एकटी कशी ऱ्हायलीस गं?"

बनाबाईला प्रश्नच कळला नसावा, असं तिने त्याच्याकडे पाहिलं. "भ्याले म्हणून तर ऱ्हायले," ती म्हणाली. "कुत्रं भुंकलं की उठायची. म्हणून तर पोरं धड ऱ्हायली, गुरं ऱ्हायली. तुमी तिकडं खड्डं खोदत व्हता. हिकडं कुणीतरी भ्यायला नगं व्हय?"

आणि ती कुकर बघायला निघून गेली.

कृष्णात तिथेच बसून राहिला. बर्फात, रानात, कुठल्या कुठल्या ठाण्यांवर तो अंग टाकलं की झोपायचा. सोबती म्हणायचे, तुला घरची काळजी कशी लागत नाही रे? ह्याचं त्याला उगीच कौतुक वाटायचं. आपण धीराचे आहोत, असं त्याला वाटायचं.

जेवणं झाली. बनाबाई दाराशी निघाली तसा तो उठला. "तू बस. आजपास्नं कडी मी बघणार. तुझी ड्युटी लय झाली." बनाबाई हसली, पण बसली. कृष्णातने कडी लावली, ओढून बघितली, फाटक बघितलं, गॅसही बघितला आणि पलटणीत द्यायचा तसा खणखणीत रिपोर्ट दिला, "सब ठीक हाय." मग दिवा घालवून तो आडवा झाला. टाकीतून टाक् असा आवाज आला. दोघंही अंधारात ऐकत पडली.

थोड्या वेळाने बनाबाई हळूच उठली आणि कडी चाचपून आली. कृष्णात जागाच होता. ती परत येऊन आडवी झाली तसा त्याने हात लांब करून तिच्या पदराचं टोक मुठीत धरलं, आणि मग त्याला गाढ झोप लागली.