अण्णांच्या पत्र्याला भोक

माझे मेहुणे भास्कर फेब्रुवारीच्या शेवटच्या मंगळवारी सकाळी वारले. चिकूच्या वाडीत, पाण्याच्या मोटरजवळ. वय अडुसष्ट. कारण हृदयविकार. माझी थोरली बहीण सुनंदाताई घरात होती. वाडीतल्या गड्याने हाक मारली तेव्हा ती पोहोचली, तोवर सगळं संपलं होतं. दहाव्या दिवसानंतर गावात शोकसभा झाली. पाच जण बोलले. पाचही जणांनी त्यांना हरहुन्नरी म्हटलं आणि तिघांनी त्यांच्या हाताला गुण होता, असं सांगितलं. पैकी दुसरं विधान अर्धवट खरं आहे. गुण होता, पण तो चिकूच्या कलमापुरता. रायणाच्या रोपावर चिकूची काडी बसवून ते प्लास्टिकची पातळ पट्टी अशी आवळत, की शंभरातलं एखादंच कलम वाया जाई. या एका जमलेल्या गोष्टीवरून आपल्याला जगातली प्रत्येक गोष्ट बांधता येते, असा त्यांचा समज झाला होता. तो शेवटपर्यंत कुणाला काढता आला नाही.

समुद्राकडच्या त्यांच्या वाडीतून पालघरला जायचं तर बोईसरवरून जावं लागतं आणि कारखान्यांच्या पट्ट्यात शिरलं की गाडीच्या काचा वर कराव्या लागतात. ताईला दमा आहे. तीन वर्षांपूर्वी तो वाढला आणि दर पंधरवड्याला पालघरच्या डॉक्टरांकडे जाणं सुरू झालं. काच उघडी ठेवली तर वास आणि धूळ, बंद केली तर आत भट्टी. ताईने एक साधी छोटी गाडी घेऊ या, एवढंच सुचवलं. पैसे होते. भाऊजी म्हणाले, "घरात गाडी हाय ना." घरातली गाडी म्हणजे त्यांच्या वडिलांची, अण्णांची, लांब नाकाची जुनी पिकअप. अण्णांनी तिच्यातून चिकूच्या करंड्या स्टेशनवर नेल्या. भाऊजींनी तिच्यातून मुख्यतः स्वतःला नेलं. शेजाऱ्यांच्या नव्या गाड्यांना ते साबणाच्या वड्या म्हणत. आपल्या या विनोदावर ते दर वेळी आधी स्वतः हसत आणि मग समोरचा हसला की नाही ते पाहत.

पिकअपमध्येच एसी बसवायचा, असं त्यांनी ठरवलं. बोईसरच्या एका दुकानातून दुसऱ्याच कुठल्या गाडीचा संच आणला आणि बेटेगावच्या यादव मिस्त्रीकडे गाडी नेली. मी तेव्हा सुट्टीवर होतो, म्हणून सोबत होतो. डॅशबोर्डखाली हवेचा डबा बसला, इंजिनाला कॉम्प्रेसर लागला, पुढे रेडिएटरपाशी जाळी आली. राहिले दोन पाइप, एक जाड आणि एक बारीक. ते इंजिनाकडून केबिनमधल्या डब्यापर्यंत न्यायचे होते. डाव्या मडगार्डच्या कडेने न्यावे आणि इंजिन व केबिन यांच्यामधल्या पत्र्याला भोक पाडून आत घ्यावे, हे यादवचं म्हणणं. पण त्या पत्र्यावर अण्णा दर दसऱ्याला शेंदराचं स्वस्तिक काढत. वर्षानुवर्षांच्या शेंदराचा तिथे जाड थर झाला होता आणि भोक नेमकं तिथेच पाडायला हवं होतं.

"अंकल, दो मिनट का काम है. होल मारने दो."

"होल तुझ्या बापाच्या गाडीला मार."

"मेरे बाप के पास साइकिल थी, अंकल. उसमें एसी नहीं लगता."

यादवची दोन पोरं हसली. भाऊजी हसले नाहीत. उजव्या बाजूला, ब्रेकच्या पायाशी, एक जुनं भोक आयतं होतं. पाइप तिकडून न्यायचे, असा त्यांनी हुकूम काढला. त्या बाजूने इंजिनातून सिलेन्सरचा नळ खाली उतरतो आणि चालत्या गाडीत तो किती तापतो, हे स्वयंपाकघरात तवा पाहिलेल्या माणसालाही कळावं. यादवही फार मोठा कसबी नव्हता. इंजिन बंद आणि बॉनेट उघडं असताना त्याने पाइपचं माप घेतलं आणि तो आखूड कापला. इंजिन चालू झालं, हललं, की पाइप ताणला जाई. भाऊजींनी खिशातून कलमाची पट्टी काढली. पाइप सिलेन्सरपासून दूर ओढून पट्टीने बांधला आणि वर गाठ मारली. "कलम धरतं ना? मग पाइपाचं काय घेऊन बसलास?" कलम सावलीत वाढतं आणि त्यावर रोज पाणी शिंपडतात, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. सांगून उपयोगही झाला नसता.

जानेवारीत एसी चालला. जानेवारीत आमच्याकडे पंखाही लागत नाही. तरी गावातल्या माणसांना आळीपाळीने बसवून भाऊजींनी त्यांना गारवा दाखवला. मार्चमध्ये पट्टी सैल पडली, पाइप घासला आणि गॅस गेला. पुन्हा भरला, पुन्हा गेला. पट्टीचे वेढे वाढत गेले. दोष आधी यादवच्या गॅसचा होता, मग संच बनवणाऱ्यांचा, मग उन्हाचा, आणि एकदा ताईचा. "तू काच नीट लावत नायस, सगली थंडी भायेर जाते." ताईने काच वर करून दाखवली. ती वरच होती.

एप्रिलमधल्या एका दुपारी आम्ही तिघं पालघरला निघालो. ताई मध्ये, मी खिडकीशी. कारखान्यांच्या पट्ट्यात गाड्या तुंबल्या होत्या. पायाखालून फुस्स आवाज आला आणि त्या जुन्या भोकातून पांढरा धूर केबिनमध्ये शिरला. पट्टी सुटून पाइप सिलेन्सरवर पडला होता आणि फाटला होता. ताईला खोकल्याची उबळ आली. काच खाली केली तर बाहेरचा वास आत आला. तिने दम्याचा पंप ओढला, पुन्हा ओढला. तिला बोलता येईना. तिने माझा दंड धरला आणि... तो सोडला नाही. भाऊजी खाली उतरले, बॉनेट उघडून आत वाकले. मी ओरडलो, "भाऊजी, इकडे बघा!" ते म्हणाले, "आलो, आलो," आणि वाकलेलेच राहिले. मी समोरची रिक्षा थांबवली आणि ताईला घेऊन गेलो. कोळगाव मागे पडेपर्यंत तिच्या ओठांचा रंग बदलला होता. डॉक्टरांनी आत घेतलं, नाकावर वाफेचा मास्क लावला. बऱ्याच वेळाने भाऊजी आले. उजव्या हाताची दोन बोटं भाजलेली. मास्क लावून पडलेल्या बायकोच्या कॉटशी ते उभे राहिले आणि म्हणाले, "गाठ सुटली नव्हती. पट्टी वितळली."

ताईने डोळे मिटून घेतले. मी बाहेर गेलो.

एवढं झाल्यावरही पत्र्याला भोक पडलं नाही. उन्हाळा त्यांनी नव्या पाइपवर आणि नव्या पट्टीवर काढला. ताई काच उघडी ठेवून, तोंडावर ओला रुमाल धरून पालघरला जात राहिली. पावसाळा संपताना भाऊजी दातिवऱ्याला आपल्या बहिणीकडे दोन दिवस राहून आले. त्यानंतर एसी चालू लागला आणि चालतच राहिला. ऑक्टोबरच्या उन्हातही केबिन गार होती. नाक्यावरच्या चहावाल्यापाशी भाऊजींनी जाहीर केलं, "शेवटी गाठ धरली. यादवला म्हटलं, ये शिकायला." मी तिथे होतो. शोकसभेतल्या पाच वक्त्यांपैकी दोघांनी या एसीचा उल्लेख केला. जुन्या गाडीला नवी हवा देणारा माणूस, असं एकाने म्हटलं. लोकांनी माना डोलावल्या.

तेराव्यानंतर ताईला डॉक्टरांकडे न्यायचं होतं. पिकअप मी चालवणार होतो. निघण्याआधी रेडिएटरचं पाणी पाहायला बॉनेट उघडलं. उजव्या बाजूला पाइप नव्हते. ते डाव्या मडगार्डच्या कडेने नीट मागे गेले होते आणि अण्णांच्या पत्र्यातून आत शिरले होते. भोक स्वस्तिकाच्या एका हातावर होतं. कडेला रबराची रिंग बसवलेली होती.

"हे कधी केलं?" मी विचारलं.

ताई ओट्यावर बसून चपला घालत होती. "ते दातिवऱ्याला गेलेले तवा. यादवला घरीच बोलावला. या वेळी इंजिन चालू ठेवून माप घ्यायला लावलं, बॉनेट पाडून बघायला लावलं."

"आणि भोक?"

"शेंदूर बघून त्याचे हात थांबले. म्हणतो, भाभी, भगवान पे होल कैसे मारूं? एवढा तोंडाळ माणूस! म्हटलं, दे इकडे ते मशीन. मीच पाडलं."

"भाऊजींना सांगितलंस?"

"सांगायचं काय? रोज सकाळी पाणी बघायला बॉनेट तेच उघडायचे."

"मग काय म्हणाले?"

"काय नाय. आले, हात धुतले, चहा मागितला." ती उठली आणि पिशवीत पंप आहे का ते पाहिलं. "जा म्हटलं नाक्यावर, सांगा सगल्यांना. तर गेले पण."

मी पुन्हा आत वाकलो. पाइप कुठेही टेकत नव्हते, कुठेही ताणलेले नव्हते. त्यांना बांधायची काही गरज नव्हती. आम्ही निघालो. कारखान्यांच्या पट्ट्यात काचा वर होत्या, केबिन गार होती. पालघरपर्यंत ताईने पंप बाहेर काढला नाही.

परत आल्यावर इंजिन निवू दिलं आणि बॉनेट पुन्हा एकदा उघडून पाहिलं. निघताना माझं लक्ष भोकावरच होतं. दोन्ही पाइपांवर, रबराच्या रिंगेपासून चार बोटं अलीकडे, कलमाची पट्टी बांधलेली आहे. वेढे तीन आहेत. गाठ भाऊजींच्याच हातची आहे.